पुस्तक कोणाचे? ग्रंथस्वामित्वाचा इतिहास आणि आपला विद्यार्थी



आपल्या नवी पेठेतून सायंकाळी चालत गेलात तर कापडाच्या दुकानांच्या रांगेत मोबाइलची दुकाने दिसतात, आणि जवळपास कोठे तरी झेरॉक्सचे यंत्र घरघरत असते. ज्या घरात आई विड्या वळते आणि वडील मागावर किंवा हातगाडीवर राबतात, त्या घरातही आता एक तरी मोबाइल असतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, पुस्तक विकत कशाला घ्यायचे? पीडीएफ येते ना!" वडिलांना पैसे वाचल्याचे बरे वाटते, पण ही पीडीएफ कोणी केली, कोणाच्या परवानगीने केली, आणि आपल्या मुलाला खरोखर जे पुस्तक हवे ते तिच्यात आहे काय, हे प्रश्न बहुधा विचारले जात नाहीत. या लेखाचा विषय तेच प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे, छापखान्याच्याही मागे जावे लागते.

छापखाना येण्यापूर्वी पुस्तकाची प्रत म्हणजे हाताने केलेली नक्कल. मठातील बाडे काय किंवा मदरशातील किताबे काय, ती अशीच वाढली. नक्कल करणाऱ्यास कोणी चोर म्हणत नसे. उलट ज्याचे अक्षर वळणदार त्या कातिबाला मान आणि मोबदला दोन्ही मिळत. पुस्तक महाग होते ते कागद, शाई आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत यांमुळे. कायद्याने ते महाग केले नव्हते.

छापखान्याने हे गणित उलटे केले. आता एका दिवसात शेकडो प्रती निघू लागल्या आणि पहिल्या छापणाऱ्याचा खर्च बुडवून दुसरा कोणीही तेच पुस्तक स्वस्तात छापू शकू लागला. या भांडणातून इंग्लंडमध्ये १७१० साली राणी ॲनच्या कारकीर्दीत कायदा झाला. लेखकाला नव्या पुस्तकावर १४ वर्षे हक्क, आणि तोवर तो हयात असेल तर आणखी १४ वर्षे. मुदत संपली की पुस्तक सर्वांचे. या कायद्याच्या शीर्षकातच विद्येला उत्तेजन देण्याचा हेतू नमूद होता, आणि प्रत्येक पुस्तकाच्या नऊ प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचे बंधन त्यात घातले होते. हे मी मुद्दाम सांगतो. ग्रंथस्वामित्व, ज्याला आपण कॉपीराइट म्हणतो, त्याचा जन्म झाला तेव्हा लेखकाचा हक्क, त्या हक्काची मुदत आणि वाचकासाठी ग्रंथालय या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या. पुढे पहिली गोष्ट वाढत गेली, दुसरी लांबत गेली आणि तिसरीचा अनेकांना विसर पडला.

आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाप्रेसचा, म्हणजे लिथोचा, उर्दूला फार मोठा उपयोग झाला. कातिबाने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरे. खिळे पाडण्याची यातायात नसे. त्यामुळे उर्दू पुस्तक दीर्घकाळ हस्तलिखितासारखेच दिसत राहिले. या सौंदर्याची किंमत आज संगणकाच्या युगात आपल्याला कशी मोजावी लागते, ते पुढे येईलच.

कंपनी सरकारने १८४७ साली हिंदुस्थानसाठी ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा केला. त्यात मुदत होती लेखकाचे आयुष्य व त्यानंतर सात वर्षे, किंवा एकूण ४२ वर्षे, यांपैकी जी अधिक असेल ती. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. त्यात राज्यकर्त्यांचा हेतू नजर ठेवण्याचा होता हे उघड आहे. तथापि त्या नोंदींमुळे मराठी-उर्दूतील कितीतरी लहान पुस्तकांची निदान नावे तरी राहिली. १९१४ साली विलायतेचा १९११ चा कायदा येथे लागू झाला आणि मुदत एकदम मृत्यूनंतर ५० वर्षांवर गेली. मात्र त्यात हिंदुस्थानपुरती एक सवलत होती. येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा हक्क केवळ दहा वर्षेच राखीव राहील, त्या अवधीत मूळ मालकाने भाषांतर काढले नाही तर पुढे कोणीही ते करावे. अनेक भाषांच्या या देशात ज्ञान एका भाषेत अडकून पडू नये, याची जाण परक्या सरकारलाही होती, असे म्हणावे लागते.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ साली झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. अनेक दुरुस्त्यांसह तोच आजही चालू आहे. यातील ५२ वे कलम प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे असे आहे. हक्कभंग कशाला म्हणायचे नाही, याची ती यादी आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत केली तर तो गुन्हा नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घेतला तर नाही. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुले एखादे नाटक बसवतात. तेथे पाहणारे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर त्यासाठीही परवानगी लागत नाही. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. कायदा म्हणजे केवळ 'करू नका' असे बजावणारा शिपाई, ही आपली समजूत या कलमापुढे टिकत नाही. परंतु ज्या हक्काची माहितीच नाही तो असून नसल्यासारखा.

दोन वेळा या कायद्याची खेचाखेच झाली, त्या घटना थोडक्यात सांगतो. १९६७ साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना पाठ्यपुस्तके छापण्याची व भाषांतरित करण्याची मोकळीक मिळावी, अशी मागणी करणाऱ्यांत भारत आघाडीवर होता. श्रीमंत देशांच्या प्रकाशकांनी ती मानली नाही. अखेर १९७१ साली पॅरिसमध्ये तडजोड झाली आणि तिला अनुसरून १९८३ मध्ये आपल्या कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आली. म्हणजे असे की, परदेशी पुस्तकाचे भाषांतर हक्कदार काढत नसेल, तर शिक्षणासाठी ते काढण्याचा परवाना मागता येतो, आणि विकसित देशांत सर्रास वापरात नसलेल्या भाषेसाठी ही मागणी प्रकाशनानंतर एका वर्षाने करता येते. आपल्या मराठी-कन्नडसारख्या भाषांची सोय यात झाली खरी, पण अर्ज, नोटिसा आणि मुदती यांचे जंजाळ इतके की या दाराने आत गेलेले फारच थोडे.

दुसरी घटना रवींद्रनाथांची. त्यांचे निधन १९४१ चे. म्हणजे ५० वर्षांचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपून त्यांचे वाङ्मय १९९२ पासून सर्वांना मोकळे व्हायचे होते. हक्क विश्वभारतीकडे होते. मुदत संपण्याच्या अगदी तोंडावर वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षांची झाली. एका कवीसाठी केलेली ही वाढ देशातील प्रत्येक लेखकाला लागू झाली.

आता हाच हिशेब आपण आपल्या घरच्या माणसांना लावून पाहू. नियम साधा आहे. लेखकाच्या निधनाचे साल घ्या, त्यात ६० मिळवा. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क चालू. (मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे ६० वर्ष प्रकाशनापासून मोजतात.)

महात्मा फुले १८९० साली गेले. त्यांचे लेखन केव्हाच सर्वांचे झाले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ साली गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळे झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, आणि ते कमी किमतीत मिळत म्हणूनच गोरगरिबांच्या घरांत पोहोचले, हे ज्याने त्या खंडांसाठी लागणाऱ्या रांगा पाहिल्या असतील त्याला सांगावयास नको. बार्शीचे शाहीर अमर शेख, म्हणजे मेहबूब हुसेन पटेल, २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात गेले. त्यांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह १ जानेवारी २०३० रोजी मोकळे होतील. अण्णा भाऊ साठे त्याच वर्षी १८ जुलैला गेले. तेव्हा ज्या दोघांनी एकाच लाल बावटा कलापथकातून लोक जागवले, त्या दोघांचेही वाङ्मय एकाच दिवशी सर्वांचे होणार आहे. आणि आपल्या सोलापूरचे विचारवंत प्रा. फकरुद्दीन बेन्नूर २०१८ साली गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०७८ च्या अखेरीपर्यंत चालेल. आज पाचवीत बसलेल्या मुलाने तेव्हा साठी ओलांडलेली असेल.

या शहराच्या चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे गिरणीकामगारांचे पुढारी तर होतेच, शिवाय 'गझनफर' नावाचे पत्रही चालवीत. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासह त्यांना फाशी झाली. मुदत ५० वर्षांची धरा वा ६० वर्षांची, त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रत्येक ओळीवरील हक्क कधीच संपला आहे. कोणाच्या घरी, एखाद्या जुन्या पेटीत या पत्राचा अंक असेल तर त्यांच्या लेखांची प्रतिमा काढून सर्वांपुढे ठेवण्यास आज कोणाचीही परवानगी लागत नाही. म्हणजे पाहा, एकीकडे हक्क संपलेले लेखन आहे आणि ते लोकांपुढे आणणारे हात नाहीत. दुसरीकडे हक्क चालू असलेले पुस्तक आहे आणि त्याच्या पीडीएफ मोबाइलवरून मोबाइलवर धावत आहेत. आपल्या विद्यार्थ्याची खरी अडचण या विसंगतीत आहे.

झेरॉक्स यंत्राने हा प्रश्न प्रथम ऐरणीवर आणला, तो दिल्लीत. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे लहानसे दुकान होते. प्राध्यापक अभ्यासक्रमासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतील प्रकरणे नेमून देत; दुकानदार त्यांच्या प्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना पानाच्या दराने देई. मूळ पुस्तके विदेशी, एकेकाची किंमत हजारांत, आणि त्यातले लागणारे प्रकरण एकच. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बलाढ्य प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ या दोघांविरुद्ध दावा लावला. नवल असे की ज्यांच्या पुस्तकांसाठी दावा होता, त्यांपैकी अनेक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली. विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी आपापल्या संघटना करून न्यायालयात स्वतःला पक्षकार करून घेतले. केवळ दुकानदारावर सोडून ते घरी बसले नाहीत.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला. ग्रंथस्वामित्व हा काही नैसर्गिक वा ईश्वरदत्त हक्क नसून विद्येची वाढ व्हावी म्हणून कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना ५२ वे कलम संरक्षण देते, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठाने तत्त्व कायम ठेवले: शिक्षणासाठी आवश्यक तेवढी प्रत करता येते, त्याला पानांची ठरावीक मर्यादा नाही. मात्र नेमून दिलेला मजकूर खरोखर शिकवण्यासाठीच लागत होता काय, एवढा वस्तुस्थितीचा मुद्दा तपासण्यास दावा परत पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला. एक खबरदारी मात्र सांगितली पाहिजे. हा निकाल शिक्षण आणि नेमलेला मजकूर यांच्यापुरता आहे. बाजारात मिळणारी अख्खी कादंबरी कोणी झेरॉक्स करून विकू लागला तर त्याला हा निकाल तारणार नाही. त्या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

झेरॉक्सनंतर मोबाइल आला, आणि या बाबतीत आपला जिल्हा मागे नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी हे लहानसे गाव. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेव्हा पुरस्कार देणाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार तेथील मुलांची घरची भाषा कन्नड होती, आणि गुरुजींनी स्वतः ती भाषा शिकून पहिली ते चौथीच्या पुस्तकांची मांडणी मुलांना समजेल अशी केली. त्या पानांवर त्यांनी क्यूआर कोड छापले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो, स्वाध्याय उघडतो. २०१७ साली राज्य शासनाने बालभारतीच्या सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती; तिचा निम्मा वाटा गुरुजींनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच.

तितकी ठाऊक नसलेली गोष्ट क्यूआर कोडची. हा काळ्यापांढऱ्या चौकटींचा ठसा जपानमधील डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याचे पेटंट कंपनीकडे होते. परंतु ठरलेल्या पद्धतीने कोड वापरणाऱ्याकडून आपण काही मागणार नाही, असे कंपनीने जाहीर केले. प्रत्येक ठशामागे एक पैसा जरी मागितला असता, तरी परितेवाडीच्या शाळेने काय केले असते याचा विचार करा! मालकी ठेवूनही दार उघडे ठेवता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही.

पण पुस्तकावर कोड छापला म्हणजे धडा घरात पोहोचला असे नव्हे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे आपण सर्वांनी अनुभवले. घरात मोबाइल एक, तो वडिलांबरोबर कामावर. मुले तीन, तिघांचे वर्ग एकाच वेळी. महिन्याचे रिचार्ज संपलेले. त्या काळात जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते, त्यांच्या घरच्या दूरदर्शन संचावर पहिली ते आठवीचे धडे येऊ लागले. नव्याचा गवगवा फार, पण त्या वर्षी जुन्या दूरदर्शनने लाज राखली, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

उर्दू माध्यमाच्या पालकांसाठी येथे थोडे अधिक लिहितो, कारण त्यांची अडचण दुहेरी आहे. मराठी पुस्तक संगणकावर चढवले की त्यातील शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते, यंत्राकडून ते वाचूनही घेता येते. अर्थात मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच. जुन्या टंकांत जुळवलेली मराठी पुस्तकेही येथे अडतात. उर्दूची नस्तालीक लिपी तिरपी, अक्षरावर अक्षर चढलेली. १९८१ साली नूरी नस्तालीक आली, तोवर उर्दू दैनिकेसुद्धा कातिबांच्या हातून लिहून निघत. त्यामुळे उर्दूचा बहुतेक जुना ठेवा आज संगणकावर आहे तो पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. २०१३ साली सुरू झालेल्या 'रेख्ता'ने अशी हजारो पुस्तके विनामूल्य वाचायला ठेवली, हे फार मोठे काम आहे. परंतु छायाचित्रातील शब्द शोधता येत नाही, आणि लहान पडद्याच्या स्वस्त मोबाइलवर ते पान वाचताना डोळ्यांना ताण पडतो.

आणि ज्याला डोळेच नाहीत त्याने काय करावे? अंध वाचकांसाठी पुस्तकाचे ब्रेल किंवा ध्वनी रूप करायचे तर पूर्वी हक्कदाराची परवानगी लागे, आणि ती मागता मागता परीक्षा निघून जाई. अपंगांच्या संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्याचे फळ म्हणून २०१२ च्या दुरुस्तीने ५२ व्या कलमात नवी मुभा आली: दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत तिच्यासाठी कोणालाही करता येते, आणि नफा न घेणाऱ्या संस्थेलाही करता येते. पुढल्याच वर्षी, २७ जून २०१३ रोजी, मोरोक्कोतील माराकेश शहरी याच विषयावर जागतिक करार झाला. त्याला रीतसर मान्यता देणारा जगातील पहिला देश भारत ठरला, २४ जून २०१४ रोजी. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे दिव्यांगांसाठीचे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. आपल्या मोहल्ल्यात दृष्टिहीन मूल असेल आणि त्याचे पाठ्यपुस्तक कोणी मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित करून दिले, तर ते पूर्णपणे कायद्याला धरून आहे. मोठ्या बहिणीनेही करावे, शेजारच्या कॉलेजकुमारानेही करावे.

आता त्या व्हॉट्सॲपवरील पीडीएफकडे वळतो. २०२० च्या टाळेबंदीत पुस्तकांची दुकाने बंद होती आणि नव्या-जुन्या गाजलेल्या मराठी पुस्तकांच्या चोरट्या प्रती घरोघर फिरल्या. मराठी प्रकाशकांनी तक्रारी केल्या, त्या रास्तच होत्या. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशेची. त्यावर लेखकाला मिळणारे मानधन ते किती! दिल्लीच्या खटल्यातील प्रकाशक आणि महाराष्ट्रातील लहान प्रकाशक यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. अण्णा भाऊंसारख्या लेखकाचे दिवस घाटकोपरच्या चिरागनगरात कसे गेले हे ज्याला माहीत आहे, त्याने गरिबाच्या नावाखाली गरीब लेखकाचेच पैसे बुडवू नयेत. शिवाय आपल्यातून लेखक निर्माण व्हावेत असे आपल्याला वाटते. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच सोलापुरात भरले. त्यानंतर या समाजातील किती तरी मुलामुलींनी मराठीत लेखणी धरली. ग्रंथस्वामित्वाचा कायदा त्यांचाही आहे.

उच्च शिक्षणात मात्र प्रश्न वेगळा आहे. तेथील नियतकालिके लेखकाला बहुधा काहीच देत नाहीत आणि वाचकाकडून, म्हणजे महाविद्यालयाकडून, भरमसाट वर्गणी घेतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना वाचता येऊ लागली. योजना स्तुत्य आहे. पण पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांपुरता ठेवला गेला, आणि आपल्यासारख्या समाजांची महाविद्यालये तर बहुतेक खासगी शिक्षणसंस्थांची. आपल्या मुलांसाठी हे दार उघडावे अशी मागणी संस्थाचालकांनी लेखी केली पाहिजे. दिल्लीतील विद्यार्थ्यांनी न्यायालयात जाऊन जे केले त्यापेक्षा हे काम पुष्कळ सोपे आहे.

दरम्यान, जे आजच मोकळे आहे त्याची तरी वाट मुलांना दाखवा. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, मराठीबरोबर उर्दू आणि कन्नडमध्येही. मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो आता पूर्ण वाचता येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके शासनानेच उतरवून घेण्यास ठेवली आहेत. यासाठी ना चोरी करावी लागते ना पैसा खर्चावा लागतो. एका नव्या मोबाइलच्या पैशात शाळेच्या वाचनालयात साठवणुकीचे उपकरण घेऊन ही पुस्तके त्यात भरून ठेवली, तर ज्या मुलाचे रिचार्ज संपले आहे त्यालाही ती शाळेत बसून वाचता येतील.

आणि शेवटी एक काम थोरांसाठी. २०१२ च्या दुरुस्तीने नफा न घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्याकडे छापील प्रत असेल तर, जतनासाठी तिची संगणकीय प्रत करून ठेवण्याची मुभा दिली आहे. जुन्या स्मरणिका, संमेलनांचे विशेषांक, बंद पडलेली साप्ताहिके यांना वाळवी लागण्यापूर्वी हे होऊ शकते. जतन करता येईल, परंतु सर्वांना वाचायला द्यायचे तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी हवी. कायद्याच्या २१ व्या कलमानुसार लेखक आपला हक्क जाहीर सूचनेने स्वतः सोडून देऊ शकतो. किंवा हक्क स्वतःकडे ठेवून, विनामूल्य वाचनापुरती लेखी अनुमती देऊ शकतो. १९९० च्या संमेलनात ज्यांनी निबंध वाचले, कविता म्हटल्या, त्यांपैकी कित्येकजण आजही आपल्यात आहेत, काहींची मुले-नातवंडे याच शहरात आहेत. साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्यायच्या: लेखाचे नाव, लेखकाचे नाव, कशासाठी अनुमती, आणि खाली सही व तारीख. सही आज झाली तर २०७८ पर्यंत थांबावे लागत नाही.